आग्रहाचं पान

रविवारी रात्री दीड वाजता मी बायकोला गदागदा हलवून उठवलं.

"अगं, वाच!"

अर्धवट झोपेत तिला 'वाचवा' ऐकू आलं असावं. कारण तिनं आधी गॅस बंद आहे का ते बघितलं, मग माझी छाती चाचपली आणि मग विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. कादंबरी संपली. काय लिहिलीय! तू वाचच."

"कुठली?"

"उद्या."

"बरं, उद्या वाचते. दिवा बंद कर."

नंदा खरे यांच्या 'उद्या' या कादंबरीची मी केलेली ही पहिली शिफारस. ती जागच्या जागी मंजूर झाली आणि अंमलबजावणी मात्र रोज एकेक दिवस पुढं जाते आहे.

हा माझा जुना आजार. चांगली कादंबरी वाचून संपली की ती माझ्या पोटात राहत नाही. दोष रक्तातला आहे. माझे आजोबा पंगतीत जिलेबी वाढायला निघाले की माहीतगार मंडळी दोन्ही हात पानावर आडवे धरायची. आजोबा बोटांच्या फटीतून जिलेबी सोडायचे. समोरचा खातो की नाही हे बघायला ते कधी थांबले नाहीत, कारण तोवर ते पुढच्या पानाशी पोचलेले असायचे. मला साखर वर्ज्य आहे, म्हणून मी कादंबऱ्या वाढतो. पान बदललं, आग्रह तोच.

सोमवारी सकाळी डोंबिवलीहून आठ चौदाची फास्ट पकडली आणि वाढायला सुरुवात केली. आमच्या डब्यात खिडकीशी अण्णा असतात, त्यांच्या शेजारी बापू. दोघंही वीस वर्षं माझं ऐकून घेतात, कारण चालत्या गाडीतून उतरता येत नाही.

"गोष्ट काय आहे?" अण्णांनी विचारलं.

"येणाऱ्या काळातली आहे. माणसावर सतत नजर. कोण कुठं जातो, कुणाशी बोलतो, सगळं कुणीतरी टिपून ठेवतंय."

"म्हणजे आमची सोसायटी," बापू म्हणाले.

मी ठेवणीतला पत्ता काढला. "बापू, या कादंबरीला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला. आणि खऱ्यांनी तो नम्रपणे नाकारला!"

बापूंना आयुष्यात पहिल्यांदाच साहित्यात रस निर्माण झाल्याचं मी पाहिलं. ते सावरून बसले. "रक्कम किती असते?"

"एक लाख."

ठाणं येईपर्यंत बापू गप्प होते. मला वाटलं, कादंबरी मनात उतरते आहे. ठाण्याला त्यांनी हळूच विचारलं, "मग ते एक लाख आता कुणाला मिळाले?"

खरं तर 'उद्या'नं मला कमीच छळलं. मराठी माणूस नावं ठेवण्यात हुशार, हे सर्वमान्य आहे. पण मराठी कादंबरीकारांनी नावं ठेवताना शिफारस करणाऱ्याचा जरासुद्धा विचार केलेला नाही. श्याम मनोहरांच्या 'उत्सुकतेने मी झोपलो'ला २००८ साली अकादमी पुरस्कार मिळालेला आहे. ती वाचून भारावलेल्या अवस्थेत मी रात्री साडेदहाला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "उत्सुकतेने मी झोपलो. अप्रतिम! प्रत्येकानं एकदा अनुभव घ्यावाच." उत्तरादाखल अकरा 'गुड नाइट' आले. एका वहिनींनी चंद्राचं चित्र पाठवलं. सकाळी सेक्रेटरींचा खुलासा होता, "ग्रुपवर फक्त सोसायटीच्या कामाचे मेसेज टाकावेत. सभासदांची झोप मेंटेनन्समध्ये येत नाही."

किरण नगरकरांच्या 'सात सक्कं त्रेचाळीस'ची तीच गत. १९७४ ची कादंबरी, तिच्यासाठी मी वाचनालयात अण्णांच्या नावानं नंबर लावला. आठवड्यानं रजिस्टर बघतो तर तिथं स्वच्छ अक्षरात नोंद होती, 'सात सक्कं बेचाळीस'.

"अहो, हे चुकलंय. त्रेचाळीस हवं," मी म्हणालो.

काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्मा खाली घेतला. "साहेब, पाढे विसरलात वाटतं."

पण सगळ्यात महागात पडली ती अवधूत डोंगरे यांची 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट'. ती मला इतकी आवडली की मेव्हण्यांच्या वाढदिवसाला तीच द्यायची असं ठरवलं. चकचकीत कागदात बांधली आणि वर झोकात लिहिलं, 'वाचताना सतत तुमची आठवण येत होती.' मेव्हण्यांनी पाकीट सगळ्या पाहुण्यांसमोर फोडलं. आधी वरची ओळ मोठ्यानं वाचली, मग आतलं नाव. त्या दिवसापासून ते आमच्याकडे आले की चहा घेत नाहीत. म्हणजे येतच नाहीत.

नाव सुखरूप पोचलं, तरी पुढं माणसं असतात. कादंबरी सुचवली की माणसं कशी वागतात याचा माझा वीस वर्षांचा अभ्यास आहे. अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती पानं?" कांदे किलोला किती, या चालीवर. दीडशे म्हटलं तर "एवढीशीच?", सहाशे म्हटलं तर "बाप रे!" अण्णांच्या मापात बसणारी कादंबरी मराठीत अजून लिहिली गेलेली नाही.

अर्थात अण्णांचंही पूर्ण चूक नाही. लोकलनं जाणाऱ्याच्या दृष्टीनं कादंबऱ्यांचे दोनच प्रकार: बसून वाचायच्या आणि लटकून वाचायच्या. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही लटकून वाचायची. एक हात कडीला, एका हातात अख्खा माणदेश, आणि अंगठ्यानं पान उलटता येतं. नेमाड्यांची 'हिंदू' मात्र सहाशे पानांच्या वर. २०१० साली ती नवी असताना मी उत्साहाच्या भरात उभ्यानं काढली आणि मनगट भरून आल्यावर समोर बसलेल्या गृहस्थांच्या टकलावर अलगद टेकवली. ते काही बोलले नाहीत. घाटकोपरला मान न हलवता त्यांनी एवढंच विचारलं, "पहिलं प्रकरण संपलं का?" त्या कादंबरीचं उपशीर्षक 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं आहे. त्या डब्यात आम्ही दोघंही तेच होतो. पुस्तक समृद्ध, मी अडगळ.

बापूंचा प्रश्न वेगळा. "पिक्चर निघालाय का?" मिलिंद बोकिलांची 'शाळा' सुचवली तेव्हा निघालेला होता. शिरवळकरांची 'दुनियादारी' सुचवली तेव्हाही. बापूंचं तर्कशास्त्र अभेद्य आहे: पिक्चर निघाला असेल तर वाचायची गरज नाही, आणि निघाला नसेल तर पुस्तकात दम नसणार.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. 'कोसला' १९६३ साली आली. सरांच्या मते त्याआधीचं सगळं 'कोसला'नं रद्द केलं आणि त्यानंतरचं सगळं 'कोसला'त होतंच. मी कुठलीही कादंबरी घेऊन गेलो की ते ती हातात न घेताच खिडकीबाहेर बघत म्हणतात, "चांगली असेल. पण कोसला वाचलीस का परत?" पासष्टी उलटली तरी त्यांच्यातला पांडुरंग सांगवीकर काही जात नाही. बोलताना पेन्शन वगैरे, बीपीच्या गोळ्या वगैरे चालू असतं.

आणि चौथा प्रकार सर्वांत मोठा. "आहे माझ्याकडे!" म्हणणारे. यांच्याकडे पुस्तक असतं, याबद्दल शंका नाही. लग्नातल्या आहेरात आलेला पितळी समईचा जोडही असतो.

माझ्यातही एक खोड आहे, कबूल करतो. "पुढचं सांगत नाही, पण..." असं म्हणून मी पुढचं सगळं सांगतो. आमच्या ऑफिसात नवीन लागलेल्या मुलाला मी विश्वास पाटलांची 'पानिपत' सुचवली. त्यानं खरंच घेतली. मला इतकं भरून आलं की जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्या डब्याशी जाऊन बसलो. "आणि मग दुपारी विश्वासरावांना गोळी लागते, बघ..."

त्यानं कानांवर हात ठेवले. "सर! प्लीज! शेवट सांगू नका ना!"

"अरे, तो शेवट १७६१ सालीच फुटलाय!"

"म्हणजे विश्वासराव जातात?"

दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. अडीचशेहून अधिक वर्षांनी विश्वासरावांचं सुतक पाळणारा तो एकटाच असेल. त्या दिवशी माझे ग्रहच बरे नव्हते. संध्याकाळी दादरला टीसीनं अडवलं. खिसे उलटे केले, बॅग पालथी केली. पावसाळ्याच्या तोंडावर काढलेला, जेमतेम आठवड्याचा कोरा करकरीत त्रैमासिक पास गायब. "अहो, होता हो. काल संध्याकाळपर्यंत या वरच्या खिशात होता. त्याचं असं झालं..."

"गोष्टी सांगू नका," टीसी म्हणाले. एका दिवसात हे मी दुसऱ्यांदा ऐकत होतो. अडीचशे रुपये दंड आणि वर भाडं भरलं. घरी बायको म्हणाली, "एवढ्यात एक कादंबरी आली असती." तिला माझं दुःख नेमकं कळतं आणि ती नेमकं त्यावरच मीठ टाकते.

सांगून कुणी वाचत नाही म्हटल्यावर मी पुस्तकं उसनी द्यायला लागलो. त्यातून मात्र मला एक विद्या प्राप्त झाली. परत आलेलं पुस्तक बघून ते किती वाचलंय हे मी अचूक सांगतो. हळदीचा डाग असेल तर पुस्तक जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं. खोबरेल तेलाचा असेल तर उशापर्यंत. मुखपृष्ठावर कपाचं गोल वर्तुळ असेल तर त्याचा उपयोग फक्त चहावर झाकण म्हणून झाला. आणि सर्वांत पक्का पुरावा म्हणजे खूण. अण्णांनी 'शाळा' पाच महिन्यांनी परत केली.

"वाचली?"

"म्हणजे काय! शेवट वाचताना डोळ्यांत पाणी आलं."

मी पुस्तक हलवलं. बाविसाव्या पानातून मार्च महिन्याचं वीजबिल खाली पडलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं असेलही. बिलाचा आकडा तसा होता. "खोटं बोलायचं तर निदान खूण तरी काढून घ्यावी, अण्णा," मी म्हणालो आणि डब्यात हशा झाला. तेव्हापासून पुस्तकातला डिटेक्टिव्ह म्हणून माझी ख्याती आहे. बाबूराव अर्नाळकर असते तर त्यांच्या हजारावर रहस्यकथांत आणखी एकीची भर पडली असती.

शेवटचा उपाय म्हणून मी शिफारस उलटी करून बघितली. निंदेइतकी चांगली जाहिरात नाही, हे मराठी साहित्याचा इतिहासच सांगतो. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर आचार्य अत्र्यांनी कडाडून हल्ला चढवला. कादंबऱ्यांच्या वाटेला न जाणाऱ्यांनाही त्या नाक्याचा पत्ता त्यातूनच कळला असणार. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ साली न्यायालयानं निर्वाळा दिला की कथा अश्लील नाही. सात वर्षं आशेवर काढलेल्या वाचकांना त्या दिवशी काय वाटलं असेल, या कल्पनेनं मला आजही गलबलतं.

तर मी 'वासूनाका' मुद्दाम दिवाणखान्यातल्या टीपॉयवर ठेवली आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला जरा आवाज चढवून म्हणालो, "हे तू अजिबात वाचायचं नाहीस, सांगून ठेवतो."

"बरं, बाबा," ती म्हणाली.

आठ दिवस पुस्तक जागचं हललं नाही. त्यावर धूळ बसली. जन्माला आल्यापासून पहिल्यांदाच मुलीनं माझं ऐकलं होतं.

आता समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंकडे वळायला हवं. खरं तर टाळत होतो. काकू निवृत्त शिक्षिका. त्यांचा आग्रह थेट आमच्या आजोबांच्या तोडीचा. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी दार वाजवलं आणि माझ्या दोन्ही हातांत भैरप्पांची 'पर्व' ठेवली. मूळ कन्नड, मराठी अनुवाद उमा कुलकर्णींचा, आकार पाटावरवंट्यातल्या पाट्याएवढा. "महाभारतच आहे, पण असं महाभारत तुम्ही वाचलेलं नाही. वाचाच."

'वाचाच' हा शब्द दुसऱ्याच्या तोंडून किती जाचक वाटतो, हे मला तेव्हा समजलं. पुस्तक मी आदरानं कपाळाला लावून घेतलं आणि त्याच रात्री उघडलंसुद्धा. पण आपल्याला सांगायच्या पुस्तकांची गर्दी असताना दुसऱ्यानं सांगितलेलं वाचायला सवड कुठून काढणार? लहानपणी आजोबांच्या पंगतीत पोट भरल्यावर मी जिलेबी गुपचूप पानाखाली सरकवायचो. 'पर्व' तशीच जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकली.

काकू मात्र लिफ्टमध्ये भेटल्या की विचारायच्या, "कुठवर आलं?"

"आलं, आलं. वनवास चालू आहे."

महाभारताचा हा मोठा फायदा. न वाचताही कुठल्याही प्रसंगापर्यंत पोचता येतं. श्रावणात मी अज्ञातवासात होतो. गणपतीत कृष्णशिष्टाई केली. पितृपक्षात अठरा दिवसांचं युद्ध आटोपलं, गठ्ठ्याखालून पुस्तक काढलं, पुसलं आणि सकाळी ऑफिसला निघताना परत दिलं.

"अप्रतिम, काकू! शब्द नाहीत. आणि ते वस्त्रहरण! तो कृष्ण साड्या पुरवत जातो, पुरवत जातो... अंगावर सर्रकन काटा आला."

काकू माझ्याकडे क्षणभर बघत राहिल्या.

"असं होय?" एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतो तोच बेल वाजली. दारात काकू, हातात 'पर्व'.

"एक विचारायचं होतं," काकू म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "भैरप्पांनी या कादंबरीतून चमत्कार सगळे काढून टाकलेत. शाप नाहीत, वर नाहीत, देवांची करणी नाही. सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं. त्यासाठीच तर तुम्हाला दिली होती. तुमच्या वाचनात त्या साड्या कुठून आल्या?"

मी चहाकडे बघितलं. चहानंही मदत केली नाही.

"दुसरं म्हणजे, तुमचा रेल्वेचा पास सापडला. सतराव्या पानावर."

आतून, स्वयंपाकघरातून, अत्यंत स्पष्ट आवाजात बायको म्हणाली, "अडीचशे रुपये. आणि वर भाडं."

काकूंनी पुस्तक परत माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. पुस्तकातल्या डिटेक्टिव्हला पुस्तकानंच पकडून दिलं होतं. "पास तिथंच ठेवलाय. काढताना पान लक्षात ठेवा म्हणजे झालं." पासाची मुदत केव्हाच संपली होती. खूण म्हणून राहण्यापलीकडे त्याला दुसरं काही कामही उरलं नव्हतं, म्हणून मी तो काढला नाही.

त्या रात्री लाजेनं वाचायला बसलो. दुसऱ्या रात्री सवयीनं बसलो. तिसऱ्या रात्री बायकोनं दिवा बंद करायला सांगितलं तेव्हा मी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आज एकशे बाराव्या पानावर आहे आणि काय सांगू! नाही, पुढचं सांगत नाही. पण हा आजार लपणारा नव्हे. आज सकाळी आठ चौदाला अण्णांच्या समोर उभा राहिलो आणि डोंबिवलीचा फलाट सुटायच्या आत सुरुवात केली.

"अण्णा, भैरप्पांची 'पर्व'. वाचाच!"

मला वाटलं, आता पानं विचारणार. पण अण्णांनी शांतपणे हात वर केला, थेट पंगतीत पानावर आडवा धरतात तसा.

"'पर्व' ना? वाचलीय रे!"

"वाचलीय? तुम्ही?"

"म्हणजे काय! आणि ते वस्त्रहरण काय उतरलंय! तो कृष्ण साड्या पुरवत जातो, पुरवत जातो..."

मी कडी घट्ट धरली आणि अण्णांकडे क्षणभर बघत राहिलो.

"असं होय?" मी म्हणालो.